सँडे बेटावर उन्हाचा दिवस आणि समुद्रात पोहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोकण किनाऱ्यावर वाढले आणि आता स्कॉटलंडमध्ये राहते. मे महिना उजाडला की ब्रिटनमधले आणि पुण्या-मुंबईहून इकडे यायला निघालेले ओळखीचे लोक ऑर्कनीच्या उत्तरेकडच्या बेटांबद्दल विचारू लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा: ऊन कितीही लख्ख पडलेलं असो, इथलं पाणी त्याला दाद देत नाही.

सँडे बेट नक्की कुठे आहे?

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी मिळून सत्तरच्या आसपास बेटं, त्यातल्या वीसेक बेटांवर वस्ती, आणि सगळी मिळून माणसं साधारण २२ हजार. सगळ्यात मोठ्या बेटाला तिथले लोक ‘मेनलँड’ म्हणतात. कर्कवॉल हे मुख्य गाव त्याच बेटावर आहे. कर्कवॉलहून उत्तरेला निघालं की वेस्टरे, पापा वेस्टरे, ईडे, स्ट्रॉन्से, सँडे आणि नॉर्थ रोनाल्डसे ही बेटं लागतात. सँडेचा रविवाराशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत ‘एय’ म्हणजे बेट, म्हणून सँडे म्हणजे वाळूचं बेट. नाव अगदी खरं आहे.

नॉर्स नाव कसं, तर ही बेटं शेकडो वर्षं नॉर्वेची होती. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा ख्रिस्तियन पहिला याने आपल्या मुलीच्या, मार्गारेटच्या लग्नात ठरलेली रक्कम हातात नव्हती म्हणून ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे तारण ठेवलं. पैसे कधी फेडले गेले नाहीत आणि बेटं कायमची स्कॉटलंडकडे राहिली. पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात मुंबई इंग्रजांना मिळाल्याचं आपण शाळेत शिकतो. ऑर्कनीची गोष्ट तिच्या जवळपास दोनशे वर्षं आधीची आहे.

कसं पोहोचायचं? एका दिवसात होतं का?

एडिंबरा, ग्लासगो, ॲबरडीन आणि इन्व्हर्नेसहून कर्कवॉलला विमानं आहेत. गाडी घेऊन जायचं तर स्क्रॅब्स्टरहून स्ट्रॉमनेसला दीड तासाची बोट, किंवा गिल्स बे इथून साधारण तासाभराची. कर्कवॉलहून सँडेच्या लॉथ धक्क्याला बोटीने दीड तासाच्या आत पोहोचता. आठ-नऊ माणसांचं छोटं विमानही जातं.

उन्हाळ्यात बऱ्याच दिवशी सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं, पण वेळापत्रक वारानुसार बदलतं, तेव्हा आधी ते बघा आणि मगच बाकीचं ठरवा. धक्का बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि चांगले किनारे दूरवर पसरलेले. गाडी किंवा सायकल हवीच. सायकल घेतलीत तर जाताना वारा पाठीशी आहे म्हणून खूश होऊ नका, परतीचा वेळ दुप्पट धरा. माझं मत विचाराल तर एक रात्र राहा.

भारतीय पारपत्रावर येणाऱ्यांना ब्रिटनचा नेहमीचा पर्यटक व्हिसा लागतो. स्कॉटलंडसाठी वेगळा काही नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

दिवस मोठा हवा असेल तर जून. २१ जूनच्या आसपास सूर्य पहाटे चारला उगवतो आणि रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो. नंतरही आकाश पूर्ण काळं होत नाही. पाणी त्यातल्या त्यात ऊबदार हवं असेल तर ऑगस्ट. समुद्र सावकाश तापतो, त्यामुळे हवा उतरणीला लागली तरी पाणी चढतच असतं.

हवेचं म्हणाल तर भर उन्हाळ्यात दुपारचं तापमान सरासरी १५-१६ अंश असतं. आपल्याकडे याला थंडी म्हणतात. पण वारा पडलेला असला आणि पांढऱ्या वाळूवर ऊन आलं की अंगातला स्वेटर काढावासा वाटतो, हे मी शपथेवर सांगेन.

पाणी खरंच किती थंड असतं?

मार्चमध्ये ६-७ अंश, ऑगस्टमध्ये १२ ते १४. कोकणातला समुद्र वर्षभर २६ ते ३० च्या घरात असतो, म्हणजे फरक निम्म्याहून जास्त.

आकड्यापेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीस पटीने लवकर ओढून घेतं. त्यामुळे १३ अंशांच्या हवेत तुम्ही मजेत फिराल, १३ अंशांच्या पाण्यात मात्र काही मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात.

फोटोतलं पाणी बघून लोकांना खरं वाटत नाही. वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणून पांढरी. तिच्यावरचं उथळ पाणी उन्हात फिकट निळं-हिरवं दिसतं आणि लक्षद्वीपची आठवण होते. रंग गरम पाण्याचा दिसतो, म्हणूनच नवा माणूस धावत आत जातो.

मी लहानपणापासून विहिरीत पोहलो आहे. मला काय अडचण येणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचीच काळजी सगळ्यात जास्त वाटते. पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून शिकलेली माणसं पाण्यात निर्भय असतात. ते चांगलंच आहे. पण विहिरीत आपण काठावरून मुटका मारतो किंवा सूर मारतो. इथे तेच केलंत तर जीवावर बेतू शकतं.

पाणी १५ अंशांच्या खाली असलं की अंग एकदम बुडताक्षणी शरीर आपोआप मोठा श्वास आत ओढतं. त्याला आपण थांबवू शकत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. मग श्वास भराभर चालू होतो, हृदयाची धडधड आणि रक्तदाब वाढतो. हा भर पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वात जास्त असतो आणि एक ते तीन मिनिटांत ओसरतो. पट्टीचा पोहणारा असो की नवशिका, ही प्रतिक्रिया दोघांनाही येते, कारण ती कातडीची आहे, कौशल्याची नाही.

मी पहिल्यांदा इथे पाण्यात गेले तेव्हा चार पावलं पळत जाऊन अंग टाकलं. छाती आवळली गेली आणि तोंडातून आवाज फुटेना. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून उभी राहू शकले. त्यानंतर कधीही घाई केली नाही.

मग पाण्यात उतरायचं कसं?

आधी पाच मिनिटं नुसतं बघा. लाटा कुठे फुटतात, पाणी कुठे बाजूला ओढलं जातंय, बाहेर कुठून यायचं. कपडे कोरड्या जागी अशा क्रमाने ठेवा की जे आधी घालायचं ते वर असेल. परत आल्यावर बोटं बधिर असतात, गुंडी लागत नाही, नाडी सुटत नाही.

मग चालत आत जा. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. हातांवर, मानेवर, तोंडावर पाणी मारा, जसं आजी थंड पाण्याने आंघोळ करण्याआधी मारायची तसं. कमरेपर्यंत पाणी आलं की थांबा आणि श्वास सावकाश बाहेर सोडा. आत घेण्याकडे लक्ष देऊ नका, तो आपोआप येतो. बाहेर सोडताना एखादी ओळ गुणगुणता आली की समजावं, श्वास ताब्यात आहे. मी मनाच्या श्लोकांतला एक पूर्ण म्हणते. तो अडखळला तर पुढे जात नाही.

त्यानंतरच खांदे बुडवा आणि किनाऱ्याला समांतर पोहा, पाय टेकतील इतक्याच पाण्यात. खोल पाण्याकडे तोंड करून पोहू नका. पहिल्या वेळेला दोन-तीन मिनिटं भरपूर झाली. पाण्याचे जितके अंश तितकी मिनिटं, असा एक ठोकताळा लोक सांगतात. नवख्या माणसाने त्यावर विसंबू नये. थंडी वाजणं थांबून एकाएकी छान, ऊबदार वाटायला लागलं तर ती बाहेर येण्याची वेळ टळून गेल्याची खूण आहे.

काही कारणाने श्वास सुटलाच तर हातपाय मारू नका. पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, हात पसरा आणि तरंगा. दोन मिनिटांत ओसरेल.

एकट्याने पोहलं तर चालेल?

नाही. या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो, आणि कधीकधी मैलभर माणूसही नसतो. किनाऱ्यावर कपडे घालून बसलेलं एक माणूस पाहिजे, ज्याच्या हातात फोन आहे. संकटात ९९९ लावायचा आणि ‘कोस्टगार्ड’ मागायचा. रेंज कुठे येते ते पाण्यात जाण्याआधी बघून ठेवा. मोठं इस्पितळ कर्कवॉलला आहे, सँडेवर नाही.

हृदयविकार, रक्तदाब, दमा असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. प्यायलेल्या माणसाने तर पाण्याकडे फिरकूच नये.

बाहेर आल्यावर लगेच गरम पाण्याने अंघोळ करू का?

मोह होतो, पण नको. पाण्यात असताना शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. बाहेर आल्यावर ते थंड झालेलं रक्त परत फिरू लागतं आणि आतलं तापमान आणखी काही वेळ खाली जात राहतं. म्हणूनच पाण्यात ठणठणीत असलेला माणूस दहा मिनिटांनी थरथर कापायला लागतो. त्यात एकदम गरम पाणी अंगावर घेतलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते.

ओले कपडे आधी काढा, अंग कोरडं करा, वरच्या अंगाला आधी कपडे चढवा. लोकरीची टोपी, जाड मोजे. मग चहा, घोट घोट. गोड काहीतरी खा. माझ्या पिशवीत डिंकाचा लाडू असतो आणि या कामासाठी त्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. भारतातून येणाऱ्यांनी मात्र लक्षात घ्या, ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे, तेव्हा तुपातले लाडू इथल्या मावशीकडून, ताईकडून करून घ्या. थरथर पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

भरती-ओहोटी आम्हाला कळते, कोकणातले आहोत. तोच हिशेब चालेल का?

अर्धा चालेल. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, हे सगळं तसंच आहे, कारण चंद्र तोच आहे. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची आपली रीत इथे लागू पडत नाही. चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने पाणी चढतं हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं. कर्कवॉलचं भरतीचं कोष्टक बघा.

सँडेवर हे फार महत्त्वाचं आहे. काटा सँड या उपसागरात ओहोटीला एवढी सपाट वाळू उघडी पडते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. चालायला सुंदर, पण पाणी परततं तेव्हा सपाटीवरून भराभर पसरतं. स्टार्ट पॉइंटच्या दीपगृहाकडे जाणारी वाटही फक्त ओहोटीच्या वेळी उघडी असते. पाणी पूर्ण उतरायच्या थोडं आधी निघा, म्हणजे परतायला वेळ हाताशी राहील. अडकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत तिकडेच, आणि पोहून परत येण्याचा विचारही मनात आणू नका. बेटांमधल्या खाड्यांतले प्रवाह जबरदस्त असतात.

कोणता किनारा निवडावा?

वारा बघून ठरवा. बेटाचा आकार इतका वाकडातिकडा आहे की कुठल्याही वाऱ्याला एखादा आडोसा सापडतोच. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडचा बॅकास्केल. दक्षिणेचा असेल तर उत्तरेकडचा व्हाइटमिल. व्हाइटमिल माझा आवडता. मागे गवताळ टेकाडं, पुढे पांढरी वाळू, आणि शांत दिवशी पाणी इतकं स्वच्छ की स्वतःची पावलं दिसत राहतात.

एक गोष्ट कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. मतलई वारा सुटलेला असताना काठाजवळचं पाणी काचेसारखं सपाट दिसतं. अशा वेळी मुलांच्या हातात फुगवायची गादी, चेंडू, ट्यूब देऊ नका. गादी वाऱ्यावर बाहेर जाते आणि मूल तिच्यामागे जातं.

पोहायला परवानगी लागते का? अंगावर काय घालावं?

परवानगी लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वावरणाऱ्या कोणालाही जमिनीवरून आणि किनाऱ्यावरून जायचा हक्क दिलेला आहे. शेतातून जाताना फाटक जसं होतं तसं ठेवा, गायी-मेंढ्यांपासून लांब राहा, गाडी फाटकासमोर लावू नका.

कपड्यांबद्दल बायका हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने सांगते: तुम्ही काय घातलंय याकडे तिथे कोणी बघत नाही. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख चालतो. फक्त सुती कुर्ता, सलवार किंवा ओढणी नको. सूत पाणी पितं, जड होतं आणि बाहेर आल्यावर वाऱ्यात गारठवतं. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यासाठीचा जाड रबरी पोशाख, असेल तर उत्तमच. नसेल तर निदान तशाच रबराचे, निओप्रीनचे, मोजे आणि हातमोजे घ्या, त्याने फार फरक पडतो. डोक्याला भडक रंगाची टोपी घाला.

आणि हो, सनस्क्रीन लावा. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कपाळ हुळहुळायला लागतं. गव्हाळ रंगाला ऊन लागत नाही हा समज इथे खोटा ठरतो.

सील, जेलीफिश, पक्षी यांची भीती आहे का?

सील दिसणारच. करडे सील आणि साधे सील, दोन्ही. कुतूहलाने ते पाण्यातून डोकं वर काढून बघतात, कुत्र्यासारखे डोळे असतात. ऑर्कनीत त्यांना ‘सेल्की’ म्हणतात, आणि कातडं उतरवून माणूस होणाऱ्या सेल्कींच्या गोष्टी तिथल्या घराघरांत सांगितल्या जात. तुम्ही त्यांच्या मागे जाऊ नका. खडकावर पहुडलेले असतील तर लांबूनच बघा. जून-जुलैमध्ये साध्या सीलची पिल्लं असतात. एकटं पिल्लू दिसलं म्हणजे ते टाकून दिलेलं आहे असं समजून उचलायला जाऊ नका.

लायन्स मेन नावाची तांबूस-केशरी जेलीफिश उन्हाळ्यात येते. तिचे लांब धागे झोंबतात, आणि मेलेली वाळूवर पडलेली असली तरी झोंबतात. दंश झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, साध्या पाण्याने नाही. चिकटलेले धागे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा तास ठेवा. श्वासाला त्रास झाला तर ९९९.

कुररी पक्षी मे ते जुलैत वाळू-खड्यांतच अंडी घालतात. ओरडत डोक्यावर झेपावू लागले तर तुम्ही घरट्याजवळ आहात. काठी डोक्यावर उंच धरा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

इथेच एक दुःखाची गोष्ट. जुलै २०२४ मध्ये ट्रेसनेसच्या वाळूवर ७७ पायलट व्हेल येऊन अडकले. बरेचसे मेलेलेच होते, उरलेल्यांनाही वाचवता आलं नाही. अडकलेला प्राणी दिसला तर त्याला पाण्यात ढकलू नका, जवळ गर्दी करू नका, फोन करा.

पोहणं झालं, उरलेल्या दिवसात काय बघावं?

क्वॉयनेसची दगडी समाधी. सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची. रांगत आत जायचं आणि मग उभं राहायचं, कारण आतली खोली ४ मीटर उंच आहे. एकावर एक रचलेले दगड, मधे चुना नाही. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर गारव्याने अंगावर काटा येतो.

स्टार्ट पॉइंटचं दीपगृह काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचं आहे. इथला पहिला दिवा १८०६ मध्ये लागला, आताचा मनोरा १८७० चा. एवढ्या सपाट बेटावर जहाजांना किनारा दिसायचाच नाही आणि ती वाळूत रुतायची. लोपनेसच्या किनाऱ्यावर ओहोटीला बी ९८ या जर्मन युद्धनौकेचे गंजलेले अवशेष दिसतात. १९२० मध्ये ओढून नेली जात असताना ती इथे येऊन आदळली. आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, वादळाने वाळू हलली आणि एका जहाजाचा लाकडी सांगाडा उघडा पडला. बेटावरच्या एका शाळकरी मुलाला तो धावायला गेला असताना दिसला. गावकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून तो वर ओढला. संशोधकांच्या मते ते बहुधा ‘अर्ल ऑफ चॅटम’ हे व्हेलच्या शिकारीचं जहाज, जे आधी ‘हाइंड’ नावाने ब्रिटिश नौदलात होतं आणि १७८८ मध्ये इथे बुडालं. त्यावरचे ५६ जण वाचले.

परतताना कर्कवॉलच्या संग्रहालयात थांबा. सँडेवर स्कार इथे १९९१ मध्ये व्हायकिंग नावेतलं दफन उत्खननात निघालं: एक पुरुष, एक मूल आणि सत्तरीची एक बाई. तिच्यासोबत ठेवलेली व्हेलच्या हाडाची कोरीव पाटी तिथे आहे. ती बाई कोण असेल याचा विचार मी दर वेळी करते.

दुसरं एखादं बेट जोडता येईल का?

दुसरा दिवस असेल तर पापा वेस्टरे. तिथला नॅप ऑफ हॉवर हा दगडी घरांचा जोड इसवी सनापूर्वी सुमारे ३७०० चा, आजही भिंती उभ्या. वेस्टरेहून तिथे जाणारं विमान २.७ किलोमीटर उडतं, दोन मिनिटांच्या आत उतरतं, आणि नियमित विमानसेवांत हे उड्डाण जगात सर्वात छोटं आहे. एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

एकदम धुकं आलं तर?

येतंच. गरम हवा गार समुद्रावरून सरकली की पाण्यावरचं दाट धुकं किनाऱ्यावर चढतं, तिथे त्याला ‘हार’ म्हणतात. दहा मिनिटांत ऊन गायब होतं. क्षितिजावर पांढरी भिंत दिसली की पाण्यातून बाहेर या, कारण धुक्यात किनारा कुठल्या बाजूला ते कळत नाही.

शाकाहारी जेवण मिळेल का?

कर्कवॉलला सहज. सँडेवर जागा मोजक्या आणि वेळा ठरलेल्या, तेव्हा डबा न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या दिवसभर टिकतात. कर्कवॉलहून बेअरमीलचा बॅनक घ्या. बेअर हे तिथलं जुनं जव आहे आणि त्याची ती जाड भाकरी लोण्यासोबत आपल्या जिभेला पटकन ओळखीची लागते.

आईचं वय ७० आहे, गुडघे दुखतात, पोहता येत नाही. तिला आणू का?

नक्की आणा. बॅकास्केलला वाळू सपाट आहे. पाणी घोट्यापर्यंत घेऊन उभं राहिलं तरी पुरे. माझी आई अशीच साडी वर खोचून उभी होती. एक सील डोकं वर काढून तिच्याकडे बघत राहिला आणि ती त्याच्याशी मालवणीत बोलत राहिली. पाय बधिर होतायत हे तिला कळलंच नाही, मला तिला हाताला धरून बाहेर आणावं लागलं. म्हणून वेळ तुम्ही मोजा, पाच मिनिटांवर जाऊ देऊ नका. घडीची खुर्ची, कोरडे जाड मोजे आणि शाल बरोबर घ्या.